बुदे गियार्तीला कोण सांगणार?

सख्खी मावशी फाटकावर बसलेली असावी आणि तिनेच सगळ्यांदेखत आपली पिशवी उलटी करावी, यासारखा दुसरा अपमान नाही. मावशी वेनिंगची, माझी नव्हे. पण पहिली पिशवी माझी उलटी झाली, म्हणून मीच सांगणार.

कॅलेंडरात शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन तांबडे आकडे ओळीने आले होते. वेनिंग आणि मी सालातिगाच्या, एका वर्गातल्या, एका बाकावरच्या. सेरांदू डोंगरावर तंबू ठोकून दोन रात्री राहायचं म्हणून महिनाभर घरच्यांच्या मागे लागलो होतो. माझी आई 'नाही' म्हणाली नाही. आमच्याकडे 'नाही' कोणी म्हणतच नाही. ती "बघू हं, हेस्ती" म्हणत होती, आणि ते 'नाही'पेक्षा वाईट. शेवटी वेनिंगने हुकमाचं पान टाकलं.

"काकू, डोंगराच्या पायथ्याशी, कालिपुरिंगच्या फाटकावर माझी बुदेच असते. आईची थोरली बहीण. तिच्या नजरेखालून मुंगीसुद्धा जात नाही."

यातलं दुसरं वाक्य नीट ऐकायला हवं होतं. मी फक्त पहिलं ऐकलं.

शुक्रवारी दुपारी आम्ही फाटकाशी पोचलो. बुदे गियार्ती तिच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. साठीची, एवढीशी, डोक्यावर पुरुषी लोकरी टोपी, विजारीवरून गुंडाळलेली लुंगी, पुढ्यात निळी ताडपत्री. वेनिंगने वाकून तिचा हात कपाळाला लावला. मीही लावला. तिने दोघींच्या डोक्यावरून हात फिरवला, आई बरी का, बाबा बरे का, कोंबड्या अंडी घालतात का, सगळं प्रेमाने विचारलं, आणि त्याच प्रेमाने माझी पिशवी उचलून ताडपत्रीवर पालथी केली.

मग तिचा तो आवाज लागला. नाकातला, सपाट, कुठे चढ नाही की उतार नाही. लिहून घेणारा कोणी नव्हता. तीच बोलायची आणि तीच लिहायची.

"नूडल्स, पाकिटं पाच. बिस्किटं, पुडे दोन. पाण्याच्या बाटल्या चार. मोजे... मोजे नकोत, ते उचल. लिमलेटच्या गोळ्या..." इथे ती थांबली आणि एकेक गोळी बोटाने सरकवत गेली. "अकरा. दोघींत अकरा? भांडणार तुम्ही वरती."

"बुदे, गोळ्यासुद्धा मोजायच्या?" मी विचारलं.

"गोळी नाही मोजत, बाळ. गोळी तुझी. कागद माझा."

नियम सोपा होता. जेवढं प्लास्टिक वर जाईल तेवढं खाली यायला हवं. कमी आलं तर परत वर जाऊन शोधायचं. गेलात नाही, तर वर्षभर डोंगर बंद आणि नाव फळ्यावर. तोवर ओळखपत्रं बुदेच्या बिस्किटाच्या डब्यात. आमची शाळेची कार्डंही त्यातच पडली. ओले टिश्यू मात्र वर जातच नाहीत. आईने घातलेलं माझं पाकीट तिने दोन बोटांत असं उचललं, जणू मेलेला उंदीर.

तिचं त्या टिश्यूंशी वैर का आहे, ते वेनिंगने मला सांगितलं. चार वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात गावाच्या नळाला आठ दिवस पाणी आलं नाही. दुसऱ्या थांब्याखाली झरा आहे, तिथून गावात पाइप येतो. जाणती माणसं म्हणाली, झऱ्याचा राखणदार कोपलाय. भाताची रास मांडली, कोंबडी ठेवली, प्रार्थना झाली. बुदे तेव्हा गाडीतळावर तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकायची. तिने प्रार्थना केली, प्रसादाचा भात खाल्ला, हात धुवायला पाणी नव्हतं म्हणून लुंगीला पुसले आणि कोयता घेऊन एकटी वर गेली. संध्याकाळी आली ती फणसाएवढा टिश्यूंचा गोळा घेऊन. तो तिने पंचायतीच्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "राखणदार कोपला नव्हता. गुदमरला होता."

दुसऱ्या दिवसापासून ती फाटकावर. कोणी नेमली, हे कोणालाच सांगता येत नाही.

आमचं सामान आम्ही परत कोंबत होतो तेवढ्यात दोन गाड्या आल्या आणि चौदा नारिंगी जाकिटं उतरली. शहरातल्या कुठल्याशा मोठ्या कचेरीचा गिर्यारोहण संघ. पुढे संघाचे अध्यक्ष, पाक बास्कोरो; आमच्याकडे पुरुषाला मानाने पाक म्हणतात, बाईला बू. त्यांचा आवाज असा, की समोर दोन माणसं असली तरी ते दोनशेंना उद्देशून बोलतात.

"बू! आम्ही निसर्गप्रेमी लोक! आम्हाला काय मोजता? आम्ही तर डोंगराला आई मानतो, आई!"

"मग आईच्या घरी काय काय नेताय ते दाखवा," बुदे म्हणाली आणि ताडपत्री झटकली.

दीड तास लागला. दोनशे बारा नग. ओल्या टिश्यूंची सात पाकिटं जप्त. चौदाही माणसं घड्याळं बघत, सुस्कारे टाकत उभी. पाक बास्कोरो दर पाच मिनिटांनी हसायचे आणि ते हसू दर वेळी थोडं लहान व्हायचं. मधेच पायवाटेच्या समितीचे प्रमुख पाक दार्सोनो हात चोळत धावत आले. "माफ करा हं, माफ करा, आमच्या यू जरा... जरा काटेकोर आहेत." यू म्हणजे ताई. गावात तिच्याहून लहान असलेले सगळे तिला यूच म्हणतात.

वर निघण्याआधी आम्ही समितीच्या घरात भात आणि तेंपे खायला बसलो. बांबूच्या तट्ट्यापलीकडे पाक दार्सोनो आणि चिटणीस बोलत होते. तट्ट्यातून उंदराचं कुजबुजणंही ऐकू येतं, हे त्या दोघांना इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

"पलीकडच्या गावाच्या वाटेवर मोजत नाहीत. सगळी गर्दी तिकडे चाललीय," पाक दार्सोनो म्हणाले. "यूंना आता उठवायला हवं. सोमवारच्या बैठकीत सांगून टाकू."

"सांगू या की."

"हो, सांगू या."

थोडा वेळ फक्त चहा फुरकल्याचा आवाज.

"कोण सांगणार?" चिटणिसांनी विचारलं.

पुन्हा फुर्रर्र.

वेनिंगच्या हातातला घास हातातच राहिला. बुदेला मूलबाळ नाही, तिचे यजमान, वेनिंगचे पाकदे, दहा वर्षांपूर्वी गेले. ते फाटक म्हणजे तिचं घर, तिची माणसं, तिची ऐट. "तिला नाही उठवायचं," वेनिंग पुटपुटली. पण तट्ट्याला ऐकू जाईल इतकं मोठ्याने नाही. मी म्हटलं, "जा ना, सांग त्यांना." ती म्हणाली, "ते मोठे आहेत, हेस्ती." मी भात गिळला. बरोबर पुष्कळ काही गिळलं.

चढ कोबीच्या वाफ्यांमधून सुरू होतो आणि दुसऱ्या थांब्यापर्यंत जीव काढतो. नारिंगी जाकिटं शेताच्या कडेपर्यंत भाड्याच्या मोटारसायकलींवरून गेली आणि आमच्या अंगावर धूळ उडवून गेली. वर गवताळ माळावर त्यांचे तंबू आमच्यापासून पन्नास पावलांवर. रात्री दहापर्यंत स्पीकर. सकाळी सूर्य उगवायच्या आधी त्यांचं ते उडतं कॅमेऱ्याचं यंत्र आमच्या तंबूवर भुणभुणत होतं. मी कानटोपी ओढून बाहेर आले. खाली ढगांचा समुद्र, पूर्वेला केशरी रेघ. या एका क्षणासाठी मी महिनाभर आईची मनधरणी केली होती. आणि त्या क्षणात पाक बास्कोरो कॅमेऱ्यापुढे उभे राहून दोनशे माणसांना सांगत होते,

"मित्रहो! डोंगर आपली आई आहे! आईच्या अंगावर आपण घाण टाकतो का? नाही! नाही म्हणा! मोठ्याने!"

"नाहीऽऽ!" तेरा जण ओरडले.

त्यांतलाच एक जण 'नाही' ओरडता ओरडता नूडल्सचे रिकामे कप बुटाच्या टोकाने झुडपाखाली सारत होता. मी बघितलं. वेनिंगने बघितलं. तोंडाने 'नाही', पायाने कप. पायाला तोंडाचं ऐकू येत नसावं.

"मी जाते बोलायला," मी म्हटलं.

वेनिंगने माझी बाही धरली. "चौदा आहेत ते. आणि आपण काय म्हणणार? 'काका, तुमचा पाय खोटं बोलतोय'?"

"हेच म्हणणार."

"नको ना."

आणि मी गेले नाही. तंबूत बसून पाक बास्कोरोंचं भाषण त्यांच्याच आवाजात तीनदा करून दाखवलं, वेनिंग पोट धरून हसली, शेजारच्या तंबूतल्या दोन मुलीही हसल्या, आणि कप झुडपाखालीच राहिले. भाषणं मला जमतात. पन्नास पावलं चालत जाणं जमलं नाही.

रविवारी दुपारी आम्ही उतरलो. बुदेने चहा दिला, ओल्या मोज्यांवरून रागावली, मग ताडपत्री पसरली. पाच पाकिटं, दोन पुडे, चार बाटल्या. गोळ्यांचे कागद तिने मांडीवर एकावर एक ठेवले.

"दहा."

"अकरा असतील, बुदे."

"दहा."

खिसे उलटे केले, तंबू झटकला, बूट काढून आपटले. दहाच.

"पहिल्या थांब्याला बसला असाल ना, उतरताना? तिथे बघा. चाळीस मिनिटं चढ, वीस उतार. अंधाराच्या आत याल."

"बुदे, मी तुझी भाची आहे!" वेनिंगचे डोळे भरून आले.

"म्हणून तर चहा दिला."

मी इतकी चिडले होते की पाठीवरची पिशवी तिथेच आदळली. आम्ही! आम्ही पाच पाकिटं धुऊन, घड्या घालून आणली आणि एका कागदासाठी आम्हीच वर जायचं! आणि ते झुडपाखालचे कप? माझ्या तोंडून निघूनच गेलं. "बुदे, आम्हाला काय पाठवतेस? त्या नारिंग्यांनी कप झुडपात टाकले. आम्ही डोळ्यांनी पाहिलं."

बुदेने वर पाहिलं. "पाहिलंत? मग उचलले का नाहीत? बोलला का नाहीत?"

मी आदळलेली पिशवी उचलून बाजूला ठेवली.

तेवढ्यात तेच आले, गाणी म्हणत. बुदे मोजायला बसली. त्यांना वाटलं होतं, दीडशेच्या पुढे म्हातारी कंटाळेल. ती कंटाळली नाही.

"एकशे साठ. बावन्न कमी."

"बू, आमच्या गाड्या उभ्या आहेत. उद्या सगळ्यांना कामावर जायचंय."

"मग भराभर चढा."

"ओळखपत्रं द्या."

बुदेने बिस्किटाचा डबा स्टुलाखाली सारला आणि पाय जुळवून बसली.

कोणीतरी धावत जाऊन पाक दार्सोनोंना आणलं. गावातली पंधरावीस माणसं जमली होती. मोटारसायकलवाले, भजीवाल्या, गवताचे भारे घेतलेल्या दोघी. पाक दार्सोनो तिच्यासमोर उकिडवे बसले. आता ते सांगणार, असं वाटून वेनिंगने माझा दंड आवळला. त्यांनी सुरुवात अशी केली:

"यू, आज वारा फार गार आहे, नाही?"

"आहे खरा. एक शाल पाठव बरं घरून."

"पाठवतो, पाठवतो. मी काही म्हणत नाही हं, यू, आपलं नुसतं म्हणतोय. चार वर्षं झाली तुम्हाला या स्टुलावर. कंबर दुखत असेल."

"दुखते ना. पाठ टेकायची खुर्ची मिळाली तर उपकार होतील."

"हो, हो, खुर्ची... बघू. आणि डोळ्यांनाही ताण. एवढं बारीक बारीक मोजायचं."

"चष्म्याचं मनावर घेतलंस, देव तुझं भलं करो."

भजीवालीने पदर तोंडात कोंबला. पाक दार्सोनोंच्या कपाळावर त्या गार वाऱ्यातही घाम आला. एक साधं वाक्य होतं, 'यू, उठा', आणि ते त्यांच्या घशातून वर येईना. आणि बुदेला सगळं कळत होतं! ती त्यांच्या प्रत्येक शब्दाला मायेने पदरात घेत होती आणि ते दर वेळी एक शाल, एक खुर्ची, एक चष्मा कबूल करत मागे सरकत होते.

तिथेच थांबले असते, तर पाक बास्कोरो कदाचित जिंकलेही असते. अजून अर्ध्या तासाने पाक दार्सोनोंनी कुठूनतरी वळसा घालून 'या वेळेपुरतं' म्हटलंच असतं. पण पाक बास्कोरोंना दम निघाला नाही. ते पुढे आले, बसलेल्या म्हातारीसमोर ताठ उभे राहिले, तर्जनी तिच्या टोपीवर रोखली आणि ओरडले,

"हिला उठवा इथून! आत्ताच्या आत्ता! तुम्हालाही तेच हवंय ना? परवा रात्री फोनवर तुम्हीच म्हणालात!"

गवताचा भारा खाली ठेवल्याचा आवाज आला. आमच्याकडे म्हशीलाही कोणी बोट रोखून दाखवत नाही, अंगठ्याने दाखवतात. भजीवालीने तोंडातला पदर काढला. मोटारसायकलवाल्यांनी एकेक करून आपापल्या गाड्यांची किल्ली काढून खिशात टाकली. नारिंगी जाकिटांतल्याच दोघांनी माना खाली घातल्या.

आणि पाक दार्सोनो? त्यांना तेच हवं होतं, अगदी तेच! पण आता 'हो' म्हटलं तर ते त्या बोटाच्या बाजूचे झाले, सगळ्या गावासमोर. ते हळूच उठले. चेहरा बिटासारखा.

"असं मी काही म्हटलेलं नाही," ते म्हणाले, आणि ते खोटं होतं. मग चपला काढून चिखलाचे बूट चढवले. "बावन्न ना, यू? चला, पाक बास्कोरो. मीही येतो."

असा तो मोर्चा निघाला. पुढे समितीप्रमुख, मागे चौदा नारिंगी जाकिटं, त्यांच्या मागे एका कागदासाठी आम्ही दोघी. मोटारसायकलवाल्यांनी कोणालाही शेताच्या कडेपर्यंत नेलं नाही. वाटेभर पाक बास्कोरो दोनशे माणसांना काही सांगत नव्हते. एकालाही नाही. पहिल्या थांब्याच्या बाकाखाली आम्हाला कागद सापडला. वेनिंग तो उचलून खाली निघाली नाही. ती वळून बुटाने कप सारणाऱ्या त्या माणसाकडे गेली आणि म्हणाली, "काका, माळावर डावीकडे तिसरं झुडूप. चला, मी दाखवते." आम्ही परत आलो तेव्हा सातचा सुमार होता. बावन्नपैकी एकोणपन्नास मिळाले. तीन न मिळाल्याबद्दल चौदा नावं फळ्यावर चढली. बुदेने ती सुंदर अक्षरात लिहिली.

इथे गोष्ट संपली असती तर मी एवढी चिडले नसते.

सोमवारी बैठक झाली. तिची हकिगत वेनिंगच्या आईला बुदेनेच सांगितली. शाल आली नाही, खुर्ची आली नाही, चष्मा आला नाही, आणि 'यू, तुम्ही बरोबर होतात' असं एकाही तोंडातून आलं नाही. ठराव मात्र झाला: यूंच्या प्रकृतीचा विचार करून त्यांना सुट्टीच्या दिवशी विश्रांती देण्यात येत आहे. सुट्टीच्या दिवशी! डोंगरावर माणसं येतात कधी? बुधवारी तिथे कोणाला मोजायचं, सरड्याला? त्यांना एक वाक्य बोलता आलं नाही, म्हणून त्यांनी ते कागदावर मायेच्या अक्षरात लिहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बुदेही म्हणाली, "आभारी आहे."

पुढच्या तांबड्या तारखेला आम्ही दोघी कालिपुरिंगला गेलो, पिशव्या न घेता. फाटक सताड उघडं. स्टूल आणि डबा समितीच्या खोलीत, बाहेर कुलूप. आणि फाटकाच्या पुढे पाच पावलांवर, वाटेच्या अगदी कडेला, जमिनीवर चटई टाकून बुदे गियार्ती बसली होती. पुढ्यात निळी ताडपत्री.

पाक दार्सोनो घाईघाईने आले, वाकले. "यू, आज तुमची सुट्टी ना?"

"हो ना. ती मी कुठे बसून घालवायची तेही ठरलंय का बैठकीत?"

"तसं नाही ठरलं," ते म्हणाले आणि निघून गेले.

मग पोरांचा एक घोळका आला, सहा जण, खिदळत. फाटक उघडं बघून सुसाट निघाले. पण म्हातारं माणूस जमिनीवर बसलेलं असताना त्याच्यासमोरून ताठ कसं जायचं? स्टुलावर ती फाटकवाली होती, तिच्याशी वाद घालता यायचा. चटईवर ती कोणाचीही आजी होती. पहिल्याचं खिदळणं थांबलं. तो कमरेत वाकला, उजवा हात पुढे खाली धरला, "येऊ का, आजी" म्हणत हळूहळू पुढे सरकू लागला. मागचे पाचही वाकले. वाकलेल्या माणसाचं तोंड बरोबर बुदेच्या तोंडासमोर येतं.

"या, बाळांनो, या," ती म्हणाली. "नूडल्स किती?"

पहिल्याने मागच्याकडे पाहिलं. मागच्याने त्याच्या मागच्याकडे. मग त्याने पाठीवरची पिशवी उतरवली आणि चटईसमोर मांडी घातली.

"नऊ, आजी."